फौजदारीणबाईंचं टेबल

फौजदारीणबाईंच्या टेबलावर बसायचं तर मान वाकडी करायची तयारी ठेवायची, हे सगळ्या ऑफिसला माहीत होतं. टेबलावर दोन स्क्रीन. एक आडवी, सगळ्यांकडे असते तशी. दुसरी त्यांनी मुद्दाम उभी करून घेतलेली, कारण लिफ्टच्या शाफ्टचे नकाशे उंचच्या उंच असतात आणि आडव्या स्क्रीनवर ते बघायचे म्हणजे नुसतं वर-खाली करण्यात दिवस घालवायचा. बाईंनी आपला लॅपटॉप लावला की उभ्या स्क्रीनवर अक्षरं शहाण्यासारखी सरळ यायची. दुसऱ्या कुणी पहिल्यांदा लावला की तीच अक्षरं कुशीवर झोपायची आणि माणूस मान तिरकी करून वाचत बसायचा.

"अहो बाई, तुमची स्क्रीन बिघडलीय!"

"स्क्रीनला काही धाड भरलेली नाही. ती उभी आहे हे तुमच्या लॅपटॉपला कुठे माहितीय? सेटिंगमध्ये जाऊन एकदा फिरवा. पुढच्या वेळेपासून त्याच्या लक्षात राहतं."

हे उत्तर त्यांनी इतक्यांदा दिलं होतं की हल्ली त्या मान वर न करताच द्यायच्या. टेबल खिडकीशी, वारा भरपूर, आणि बाई निम्मा वेळ बाहेर. मग काय, ज्याला त्याला तेच टेबल हवं.

बाईंचं काम लिफ्ट तपासायचं. इमारतीच्या माथ्यावरच्या मशीन रूममध्ये जायचं, ब्रेक बघायचा, दोर बघायचे आणि 'योग्य' किंवा 'बंद' असा रिपोर्ट सरकारी लिफ्ट कचेरीत पाठवायचा. बाईंनी बंद म्हटलं की लिफ्ट बंद. मग बिल्डर पाया पडो नाहीतर पाय आपटो. म्हणून लिफ्टवाल्यांनीच त्यांचं नाव फौजदारीण ठेवलं होतं, आणि खरं सांगायचं तर बाईंनाही ते आवडायचं.

अशा बाईवर आळ आला. तोही असातसा नाही. झिजलेल्या ब्रेकची लिफ्ट पास केल्याचा!

झालं होतं ते असं. नव्या वस्तीतल्या एका इमारतीत दोन लिफ्ट होत्या. एकदमच बसवलेल्या आणि बसवल्यापासून कुणी ढुंकूनही न बघितलेल्या. बाईंनी दोन्ही तपासल्या. ब्रेकचे लायनर झिजून खालचा पत्रा दिसत होता. त्यांनी फोटो काढले, जागेवरूनच फोनवर दोन्ही रिपोर्ट 'बंद' म्हणून भरून ठेवले. रिपोर्ट जागेवर भरायचा, पण कचेरीला पाठवायचा तो ऑफिसमधूनच, ही बाईंच्या कंपनीची पद्धत. तिथून बाई परस्पर दुसऱ्या गावच्या कामाला गेल्या. परत आल्या तर रिपोर्टपुढे 'पाठवला' असं आलेलं. मधूनच कधी ऑफिसच्या यंत्रणेतून ते आपोआप जायचे, तसेच गेले असतील असं त्यांना वाटलं. पुढची कामं डोक्यावर होती, त्यामुळे उघडून काही बघितलं नाही.

आणि मग त्यातली एक लिफ्ट घसरली. दोन मजल्यांच्या मध्ये येऊन दाणकन थांबली. आत शिवणकाम करणारी एक बाई होती, तिचा पाय मोडला. ज्या पायानं मशीन चालवायची तोच. सरकारी कचेरीत विचारणा झाली तेव्हा दोन्ही लिफ्टपुढे 'योग्य' असं लिहिलेलं निघालं. खाली नाव फौजदारीणबाईंचं.

तपासणी विभागाच्या साहेबांनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं. हे साहेब मोठे गोडबोले. माणसाला नोकरीवरून काढतानाही आधी चहा मागवणारे.

"बाई, मशीन काही खोटं बोलत नाही," साहेब म्हणाले. "रिपोर्ट तुमच्या नावानं गेलाय, ऑफिसच्या आतून गेलाय, तुमच्या टेबलावरून गेलाय."

"मी तेव्हा इथे नव्हतेच. दुसऱ्या गावी एका गच्चीवर होते."

"कुणी बघितलं तुम्हाला?"

"कबुतरांनी."

"थट्टेची वेळ नाही ही."

"मग हे बघा." बाईंनी फोन पुढे केला. "हे माझे फोटो. लायनर कसे झिजलेत ते मीच टिपून ठेवलंय. अशी लिफ्ट मी पास करीन?"

साहेबांनी फोटो नीट बघितले आणि हळहळल्यासारखी मान हलवली. "म्हणजे झिजलेले बघूनही पास केल्यात! हे तर आणखीच वाईट झालं, बाई."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी चहाचा कप तसाच बाजूला सारला.

साहेबांनी मग तोडगा काढला. बाईंनी 'नजरचुकीने झालं' असा माफीनामा लिहून द्यायचा आणि उद्या कंपनीच्या मालकीणबाईंसमोर सही करायची. नोकरी जाईल, तपासणीचं लायसन्सही जाईल, पण प्रकरण पोलिसांकडे जाणार नाही. "तुमच्या भल्यासाठीच सांगतोय," असंही ते म्हणाले.

"आणि दुसरी लिफ्ट?" बाईंनी विचारलं.

"ती चालू आहे की. तुम्हीच योग्य म्हटलंय तिला."

"साहेब, तिचाही ब्रेक तसाच आहे! रोज माणसं चढताहेत तीत. आत्ताच्या आत्ता बंद करायला सांगा."

"बघू. उद्याचं उरकलं की बघू."

ती इमारत बांधणारा बिल्डर म्हणजे साहेबांचा सख्खा मेहुणा, हे ऑफिसातल्या लहानथोर सगळ्यांना माहीत होतं. पण सगळे मूग गिळून बसले होते.

बाई बाहेर आल्या तर त्यांच्या टेबलाला पट्ट्या चिकटवलेल्या. चौकशी होईपर्यंत कुणी हात लावायचा नाही म्हणे. अख्खं ऑफिस त्या टेबलावर येऊन वारा खाऊन गेलं तेव्हा कुणाला पट्टी सुचली नव्हती! त्यांना बसायला दोरवाल्या काकांचं टेबल दिलं. काका म्हणजे लिफ्टच्या दोरांचे जाणकार. ते मोतीबिंदूचं ऑपरेशन करून घ्यायला रजेवर होते.

काकांच्या टेबलावरही बाकीच्यांसारखाच डॉक होता. डॉक म्हणजे ती काळी चपटी डबी. लॅपटॉपची एक वायर तिच्यात खोचली की स्क्रीन, कीबोर्ड, नेटवर्क, सगळं एका दमात जोडलं जातं. बाईंनी धुसफुसतच वायर खोचली. म्हटलं, माफीनामा कसला, चांगलं खरमरीत उत्तरच लिहू. रिपोर्टचं पान उघडलं आणि त्या बघतच राहिल्या. वर नाव काकांचं. खाली काकांचे अर्धवट राहिलेले रिपोर्ट, आणि त्यापुढे 'पाठवा' असं बटण.

बाईंनी वायर काढली. पुन्हा खोचली. पुन्हा काकाच!

ऑफिसात पासवर्ड लागायचा नाही. लोक पासवर्ड विसरतात आणि कामं अडतात, म्हणून साहेबांनीच तो काढून टाकला होता. बाहेर असताना पासवर्ड, ऑफिसात नेटवर्कच माणसाला ओळखून त्याचं पान उघडतं. आता हे ओळखणारं नेटवर्क फौजदारीणबाईंना काका म्हणत होतं. त्या उठल्या, लॅपटॉप बगलेत मारला आणि जेवायला गेलेल्या माणसांच्या टेबलांवर जाऊन वायर खोचत सुटल्या. ज्या टेबलावर बसावं त्या टेबलवाल्याचं नाव. एका टेबलावर तर त्या स्वागतकक्षातली मुलगी झाल्या.

तशाच त्या तडक नेटवर्कवाल्याच्या खोलीत गेल्या. हा बिचारा वायरींच्या गुंत्यात, थंडगार खोलीत, स्वेटर घालून बसणारा प्राणी. बाईंनी काय झालं ते सांगितलं तसा त्याचा चेहरा उतरला.

"मॅडम, प्रत्येक यंत्राला कारखान्यातच एक नंबर मिळतो," तो म्हणाला. "मॅक ॲड्रेस. नेटवर्क त्या नंबरावरून ओळखतं. नवे डॉक आले तेव्हा मी टेबलाटेबलावर जाऊन, जो नंबर दिसला तो त्या त्या माणसाच्या नावावर घातला. मला वाटलं, लॅपटॉपचाच आहे."

"आणि तो निघाला डॉकचा."

"हे लॅपटॉप बारके. त्यांना नेटवर्कची वायर लावायला जागाच नाही. वायर लागते डॉकला, म्हणून डॉक आपलाच नंबर पुढे करतो. पासथ्रू म्हणून एक सेटिंग असते. ती चालू केली की डॉक आपला नंबर मागे ठेवतो आणि लॅपटॉपचा पुढे जाऊ देतो. ती... म्हणजे... आपल्याकडे ती बंदच राहिली."

"म्हणजे माझ्या टेबलावर उद्या कुत्रं येऊन बसलं, तरी तुमचं नेटवर्क त्याला माझ्या नावानं हाक मारणार!"

"त्याच्याकडे लॅपटॉप असला तर," नेटवर्कवाला खालच्या मानेनं म्हणाला. मग एकदम सरसावून बसला. "मी आत्ता चालू करतो, मॅडम. इथून सगळ्या लॅपटॉपांची एकदम होते. दोन मिनिटांचं काम आहे."

"खबरदार हात लावाल तर!" बाई इतक्या मोठ्यानं ओरडल्या की बाहेरचे दोघंतिघं डोकावले. त्यांनी आवाज खाली आणला. "उद्या मालकीणबाईंसमोर मला हे असंच्या असं दाखवायचंय. आज तुम्ही दुरुस्त केलंत तर उद्या माझ्यावर कोण विश्वास ठेवेल? उद्यापर्यंत थांबा. एवढं कराल?"

तो हो म्हणाला नाही, आणि नाहीही म्हणाला नाही. त्याला घर होतं, संसार होता, आणि चूक त्याची होती.

बाईंच्या घरी माणसं दोनच. नवरा बोटीवर, वर्षातला बराच काळ समुद्रात. घरात बाई आणि सासूबाई. सासूबाईंनी उभी हयात टेलिफोन एक्सचेंजमध्ये काढलेली. सुनेची हकिकत त्यांनी पोळ्या लाटता लाटता ऐकून घेतली.

"आमच्या बोर्डावर तरी काय होतं," त्या म्हणाल्या. "दिवा लागायचा तो खोलीचा. बोलणारा कोण, ते आवाज ऐकल्याशिवाय कळायचं नाही. तुमच्या साहेबांनी दिवा बघितला नि तुझ्या नावानं बोंब ठोकली."

"बरोब्बर, आई! असंच."

"सही करणारेस?"

"हात तोडून देईन, पण सही नाही देणार."

"मग जेव आधी. उपाशी पोटी भांडता येत नाही."

पहिला घास घेतला नाही तोच फोन वाजला. नेटवर्कवाला होता, आवाज दबका. "मॅडम, तुम्ही टेबलाटेबलावर वायरी लावत फिरत होता, ते कुणीतरी साहेबांना सांगितलं. त्यांचा फोन आला होता. म्हणाले, पासथ्रू आजच्या आज चालू कर."

बाईंचा घास हातातच राहिला. "पासथ्रू म्हणाले? हाच शब्द?"

"हो, हाच."

"मला आयुष्यात तो शब्द आज दुपारी कळला. साहेबांना कुठून माहीत हो?"

"मॅडम, नोकरी जाईल माझी," तो म्हणाला, आणि फोन बंद झाला.

बाईंनी ताट पुढे सरकवलं. आता हा पठ्ठ्या काय करणार, देवाला ठाऊक. त्यानं ते बटण दाबलं की त्यांच्या हातात उरणार नुसते शब्द, आणि साहेबांच्या गोड शब्दांपुढे त्यांचे तिखट शब्द कोण ऐकणार? पण माघार घ्यायचा विचार मात्र मनाला शिवला नाही. सासूबाईंनी ताट पुन्हा त्यांच्यापुढे ओढलं, आणि त्या मुकाट्यानं जेवल्या.

दुसऱ्या दिवशी मालकीणबाई आल्या. कंपनी नवऱ्यामागे त्यांनीच वाढवलेली, बोलणं मोजकं, चेहऱ्यावरची माशी हलायची नाही. मीटिंगच्या खोलीत टेबलावर माफीनामा टाइप करून तयार, शेजारी पेन. साहेब आपला लॅपटॉप घेऊन आलेले. नेटवर्कवाला कोपऱ्यात, भिंतीला चिकटून. बाईंनी त्याच्याकडे बघितलं तर तो बुटांकडे बघत होता.

"वाचा आणि सही करा," मालकीणबाई म्हणाल्या.

"सही करणार नाही," बाई म्हणाल्या. "त्याआधी सगळ्यांनी माझ्या टेबलापाशी चला. जास्त वेळ घेणार नाही."

"हा काय पोरखेळ आहे!" साहेब म्हणाले.

"पोरखेळच आहे. पण माझं नाव पणाला लागलंय, तेव्हा खेळावा लागेल."

मालकीणबाई उठल्या. त्या उठल्या म्हटल्यावर सगळ्यांना उठावं लागलं.

टेबलापाशी येऊन बाईंनी पट्ट्या टराटरा फाडल्या. "साहेब, आधी एक विचारते. या टेबलावर तुम्ही कधी लॅपटॉप लावलाय?"

"मी? मला माझी केबिन आहे. मी इथे कशाला मरायला येतोय? कध्धीच नाही."

"ठीक. मालकीणबाई, तुमचा लॅपटॉप द्या."

मालकीणबाईंनी आपला लॅपटॉप दिला. वायर हातात घेताना फौजदारीणबाईंचे कान तापले होते. यानं जर काल ते बटण दाबलं असेल तर आत्ता पानावर मालकीणबाईंचं नाव येईल, आणि मग झालंच. त्यांनी वायर खोचली.

पान उघडलं. वर नाव आलं फौजदारीणबाईंचं.

"हे काय?" मालकीणबाईंनी विचारलं. "लॅपटॉप माझा आहे."

साहेबांनी गर्रकन मान वळवून नेटवर्कवाल्याकडे बघितलं. त्यानं बुटांवरची नजर उचलली आणि बोलला तो स्पष्ट. "काल सांगितलेलं काम राहिलं, साहेब. करावंसंच वाटलं नाही." आणि मग त्यानं मालकीणबाईंना डॉकच्या नंबराचं सगळं सांगितलं, स्वतःच्या चुकीसकट.

"म्हणजे इथे कुणीही बसलं तरी हिच्याच नावानं जातं," मालकीणबाई म्हणाल्या. मग त्यांची नजर दुसऱ्या स्क्रीनवर गेली आणि त्यांनी मान तिरकी केली. "आणि ही अक्षरं अशी आडवी का?"

"तुमचा लॅपटॉप या टेबलावर पहिल्यांदा आलाय म्हणून," बाई म्हणाल्या. "उभ्या स्क्रीनची त्याला ओळख नाही. एकदा बसून फिरवलं की त्याच्या लक्षात राहतं. सगळ्या ऑफिसला विचारा, सगळ्यांच्या माना दुखल्यात." त्यांनी वायर काढली आणि हात पुढे केला. "साहेब, आता तुमचा द्या."

"माझा कशाला? सिद्ध झालं ना, बाईंचा दोष नाही. संपलं!"

"द्या तो," मालकीणबाई म्हणाल्या.

साहेबांनी लॅपटॉप छातीशी धरला होता, तो सोडवून घ्यावा लागला. बाईंनी वायर खोचली. दोन्ही स्क्रीन उजळल्या. आडवी नेहमीसारखी उजळली, आणि उभीवर अक्षरं आली ती सरळ, ठणठणीत, डोक्यावर डोकं ठेवून. कुणालाच मान वाकडी करावी लागली नाही.

जे कालपर्यंत मूग गिळून होते ते एकेक करून उभे राहिले आणि स्क्रीनकडे बघू लागले.

"कध्धीच नाही ना, साहेब?" बाई म्हणाल्या.

"ते... म्हणजे... एखादवेळी..." गोडबोल्या साहेबांची अशी ततपप झालेली आजवर कुणी बघितली नव्हती.

मालकीणबाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "माफीनामा फाडून टाका," त्या म्हणाल्या. "तुमची नोकरी तशीच राहील. यांचं काय करायचं ते मी बघते. पण हे इथल्या इथे मिटवायचं. बाहेर बभ्रा झाला तर कंपनीचं नाव जाईल. त्या दुसऱ्या लिफ्टचंही पुढच्या आठवड्यात शांतपणे बघू. पुन्हा तपासणी करू, रीतसर."

फौजदारीणबाईंनी ऐकून घेतलं. नोकरी राहिली होती. लायसन्स राहिलं होतं. आता हो म्हणायचं, घरी जायचं, सासूबाईंना सांगायचं. आणि तिकडे त्या क्षणी कुणीतरी हातात भाजीची पिशवी घेऊन त्या लिफ्टमध्ये पाऊल ठेवत असेल. पुढच्या आठवड्यात! शांतपणे!

"माझं नाव मिटवायला निघाला होतात, तेव्हा एवढा धीर नव्हता तुम्हाला," त्या म्हणाल्या, आणि खुर्ची ओढून बसल्या.

साहेबांचा लॅपटॉप अजून डॉकला लागलेलाच होता. पान अजून बाईंच्याच नावाचं होतं. त्यांनी दुसऱ्या लिफ्टचा रिपोर्ट उघडला. 'योग्य' होतं तिथे 'बंद' केलं. कारणाच्या जागी लिहिलं: ब्रेक लायनर झिजलेले, मी डोळ्यांनी पाहिलेत, माझ्या नावाने गेलेला आधीचा रिपोर्ट माझा नव्हे. तपासनिसाला धोका दिसला तर लिफ्ट केव्हाही बंद करता येते. सरकारी नियमच होता तो.

"अहो, थांबा!" मालकीणबाई पहिल्यांदाच मोठ्यानं बोलल्या.

बाईंनी 'पाठवा' दाबलं.

मग थोड्या वेळानं साहेबांच्या खिशातला फोन वाजायला लागला. त्यांनी काढून बघितला आणि तसाच हातात धरून उभे राहिले. मेहुण्याचा होता. वाजून वाजून थांबला, पुन्हा वाजायला लागला.

"उचला की, साहेब," फौजदारीणबाई म्हणाल्या. "सांगा त्यांना, दुसरीही बंद झाली. कुणी केली विचारलं तर माझं नाव सांगा. या खेपेला मीच केलीय."